फणसाचा जामीन

झाडाला भीती घालायचं काम मी आजवर नऊ वेळा केलं. सहा झाडं घाबरली, दोन घाबरली नाहीत आणि एकाचा निकाल मलाच द्यावा लागला. तो मी स्वतःच्या विरुद्ध दिला. सांगायचं आहे ते त्या झाडाबद्दल, पण आधी धंद्याची थोडी ओळख करून देते, नाहीतर कोयता घेऊन झाडावर ओरडणारी बाई एवढंच वाचणाऱ्याच्या डोक्यात राहील.

किहीमच्या अलीकडे रस्त्याला लागून माझी पत्र्याची शेड आहे. तिथे मी फाटी विकते. फाटी म्हणजे जळाऊ लाकूड, फोडून, सुकवून, चुलीत जाईल अशा मापाचं केलेलं. पडलेली झाडं, वाड्यांमधल्या छाटलेल्या फांद्या, वादळात आडवी झालेली सुरूची खोडं असा माल येतो. जाड खोड बाळाराम मशीनच्या करवतीने कापून देतो. त्यापुढचं सगळं माझ्याकडे. धंदा मूळचा नवऱ्याचा. त्याची कंबर गेली आणि कोयता माझ्या हातात आला. वाईट वाटून घ्यायला तेव्हा वेळ नव्हता, शेडबाहेर एका लग्नाचा टेम्पो उभा होता.

घरोघरी गॅस आला तेव्हा लोक म्हणाले, आता सुमन काय करणार. गॅस आल्यावर माझा खप वाढला. पूर्वी माणसं गरजेपुरती फाटी जाळायची, आता हौसेला जाळतात आणि हौसेला लाकूड जास्त लागतं. कॉटेजवाल्यांना शनिवार-रविवारी शेकोटीला लागतं. हळदीला शंभर माणसांचं मटण चुलीवरच व्हावं लागतं, नाहीतर पाहुणे जेवून जातात आणि वर नावं ठेवतात. थंडीत पोपटीचा हंगाम. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी असं सगळं भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. त्याला पेंढा आणि बोटाएवढी काटकी लागते. मुंबईची मंडळी मात्र येऊन म्हणतात, चांगले जाड ओंडके द्या. जाड ओंडक्याने मडकं फुटतं आणि शेंगा राखेत जातात. मी एकदा सांगते, दुसऱ्यांदा सांगत नाही. मडकीसुद्धा मीच विकायला ठेवते.

आता कोयत्याबद्दल. उसाचा कोयता वेगळा, नारळाचा वेगळा, फाट्यांचा वेगळा. माझा हातभर लांब आहे, पाठ जाड, टोकाला चोच वळलेली, वजन किलोच्या आसपास. पोयनाडकडच्या एका लोहाराने तो ट्रकच्या कमानपाट्यापासून बनवला. ट्रकने वीस वर्षं खड्डे खाल्ले की ते पोलाद कशालाच घाबरत नाही, असं लोहाराचं म्हणणं. त्याने मला एक गोष्ट शिकवली, ती लोकांना पटत नाही. फाटी फोडायच्या कोयत्याला फार पाजवायचं नसतं. धार अति झाली की तो लाकडात शिरतो आणि तिथेच बसतो. फोडायला पाठीचा जाडपणा कामाला येतो. धारेचं काम फक्त दार उघडून द्यायचं.

ओंडका उभा केला की पहिलं त्याचं तोंड बघायचं. सुकता सुकता त्याने स्वतःच कुठेतरी चीर पाडलेली असते. त्या चिरेवर कोयता आडवा धरायचा आणि पाठीवर मोगरीने मारायचं. मोगरी म्हणजे जाड लाकडी दांडका, दुसरं काही नाही. निम्मं काम लाकडाने आधीच करून ठेवलेलं असतं, उरलेलं आपण करायचं. गाठ दिसली तर तिच्या वाटेला जायचं नाही, बाजूने जायचं. फांदी तासायची ती बुंध्याकडून शेंड्याकडे. आणि पाय लांब ठेवायचे. माझ्या डाव्या पोटरीवर चार टाक्यांची खूण आहे. ती पहिल्या वर्षातली, मी कुणाचं ऐकत नव्हते तेव्हाची.

एकदा वैशाखात हळदीच्या दिवशी सकाळी अवकाळी पाऊस आला. माझा माल नवरीच्या दारात रात्रीच पोचला होता, आणि त्यावर ताडपत्री टाकायची ती त्यांच्या पोरांनी मांडवातल्या गाद्यांवर टाकली होती. फाटी चिंब. नवरीच्या आईने डोक्याला हात लावला आणि केटररने सिलिंडर मागवायला फोन काढला. मी म्हटलं थांबा. पावसात भिजलेलं सुकं लाकूड वरूनच भिजलेलं असतं, त्याच्या पोटात पाणी जात नाही. मी आणि नवरीच्या दोन काकवा ओसरीवर बसलो. प्रत्येक फाटी पुन्हा चिरली, ओली साल बाजूला काढली आणि आतला गाभा चुलीत घातला. दोन तासांत चार चुली पेटल्या. केटरर नंतर म्हणाला की त्याला हे माहीतच होतं. असेल.

विचित्र गिऱ्हाइकांत पवईचा एक इंजिनिअर मला अजून आठवतो. त्याच्या पट्ट्याला म्यानात एक काळा परदेशी सुरा होता, माझ्या कोयत्याहून थोडा लहान. जंगलात एकटं राहायची वेळ आली तर माणूस त्यावर जगू शकतो असं त्याने मला सांगितलं. तो उतरला होता तिथे जंगल नव्हतं, पोहायचा तलाव होता. शेकोटीची फाटी मी स्वतः फोडतो म्हणाला. मी म्हटलं फोडा, काका. तिसऱ्या ओंडक्यात सुरा अडकला. मी मोगरी दिली, चीर दाखवली. माणूस हुशार होता, दहा मिनिटांत त्याला जमायला लागलं आणि तो लहान मुलासारखा खूश झाला. मग मला म्हणाला, माझा सुरा तुम्ही वापरून बघा, आणि हात लांब करून माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, "खाली ठेवा."

माझा आवाज मुळातच मोठा आहे. त्याने सुरा टाकला आणि दोन्ही हात वर केले. बायको व्हरांड्यातून धावत आली. मला त्यांना समजावून सांगावं लागलं की आमच्याकडे कोयता, सुरी, विळी हातातून हातात देत नाहीत. देणाऱ्याने खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. हातात दिली तर त्या दोन माणसांत भांडण होतं म्हणतात. मला त्यातलं खरं एवढंच दिसतं की बोटं शाबूत राहतात. पण पाळते मी. आमच्याकडे सगळेच पाळतात.

झाडाला भीती घालणं हीसुद्धा अशीच एक रीत. आंबा, फणस, कोकम, जे झाड फळ धरायचं बंद होतं त्याच्यापुढे मोहोराच्या आधी एकाने कोयता घेऊन उभं राहायचं आणि तोडायची धमकी द्यायची. दुसऱ्याने मधे पडून झाडाची बाजू घ्यायची आणि जामीन राहायचं. असं तीन वेळा. झाड ऐकतं आणि पुढच्या हंगामाला फळ धरतं. धमकी देणारा घरातला असून चालत नाही, कारण घरातल्यांच्या धमक्या झाडाने वर्षभर ऐकलेल्या असतात. त्यातून फाट्यांचा धंदा करणारी बाई आली तर झाडाला वेगळं सांगायला लागत नाही. म्हणून मला बोलावतात. एक नारळ आणि चहा यावर मी जाते.

त्या वर्षी पौषात हिरातायचं बोलावणं आलं.

हिराताय साठीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, माहेरच्या आवारातच छोट्या घरात राहते. त्याच आवारात तिच्या धाकट्या भावाच्या, रमेशच्या, चार कॉटेज आहेत. मधे बापाने लावलेला फणस. जमिनीवर दोघांचं नाव, म्हणून फणसावरही दोघांचं. त्या फणसाने तीन वर्षांपूर्वी एका गेस्टच्या गाडीवर आठ किलोचं फळ टाकलं होतं. टप बसला, काच फुटली आणि त्या माणसाने मोबाईलवर कॉटेजबद्दल असं काही लिहिलं की रमेशचा दिवाळीचा धंदा बसला. रमेशने चिडून फणसाच्या खालच्या सगळ्या फांद्या उतरवल्या आणि बुंध्याला टेकेपर्यंत पेव्हर ब्लॉक टाकून गाड्यांची जागा पक्की केली. हिराताय शेतावर गेली होती, संध्याकाळी येऊन बघते तर अंगण गायब. त्या दिवसापासून बहीणभावांचं बोलणं बंद. आणि त्या वर्षापासून फणसही धरेना. हिरातायच्या मते झाड रुसलं होतं. रमेशच्या मते ते म्हातारं झालं होतं आणि आता फक्त पोहायच्या तलावात पानं टाकण्यापुरतं उरलं होतं. त्याला ते तोडायचं होतं, परवानगीच्या अर्जावर बहिणीची सही हवी होती, आणि ती सही करत नव्हती.

मी पोचले तेव्हा हिराताय नवं लुगडं नेसून झाडापाशी उभी होती. रमेश पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चहा पीत होता. मी कोयता उचलला आणि सुरुवात केली. हे झाड कशाला ठेवलंय, फळ ना फूल, नुसता कचरा, आज याचा बुंधा काढते. बुंध्यावर एक हलका घाव घातला. पांढरा चीक आला.

हिराताय आडवी आली. "नको गो, नको तोडू त्याला. ह्या वर्साला धरील तो."

"नाही धरला तर?"

"मी जामीन हाय."

असं तीन वेळा झालं. एरवी हा प्रकार हसत होतो, जामीन राहणाऱ्या बाईलाच मधे हसू फुटतं. हिराताय हसली नाही. तिसऱ्या वेळी तिने बुंध्याला पाठ लावली, आणि मला कोयता खाली घ्यावा लागला.

वरून रमेश म्हणाला, "सुमनताई, नाटक झालं असेल तर तिला विचारा, मे अखेरपर्यंत नाही धरला तर सही करील का?"

ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तरी मी तिच्याकडे वळून विचारलं, कारण तसंच चालत होतं त्या घरात.

"त्याला सांग," हिराताय म्हणाली, "मी जामीन म्हटलं ते खरं म्हटलं. न्हाय धरला तर सही करीन."

लगेच ती पुढे म्हणाली, "आणि धरला तर पुन्हा तोडायचं नाव काढायचं न्हाय, ते पण सांग."

मी वर मान करून सांगितलं. रमेश म्हणाला कबूल. मग मला म्हणाला की तोडायची वेळ आली तर खोड तो सुताराला देईल, बाकी सगळ्या फांद्या माझ्या. तेवढ्यात मला पावसाळा पार पडेल एवढी फाटी मिळत होती. म्हणजे झाडाला मी खोटी धमकी दिली आणि तासाभरात ती खरी झाली. नारळ आणि चहा घेऊन मी घरी आले. हिरातायचा फणस धरावा असं मला वाटत होतं. आणि शेडमधली उजवीकडची जागा मी रिकामी करून ठेवली होती. दोन्ही खरं आहे.

माघ गेला, फाल्गुन गेला. मी त्या रस्त्याने गेले की मान वर करून बघायची. शेजारच्या वाडीतल्या फणसांना हातभर फळं लोंबत होती, यांच्या बुंध्यावर काही नाही. हिराताय रोज सकाळी बुंध्यापाशी एक तांब्या पाणी ओतायची. ते पेव्हर ब्लॉकवरून वाहत रस्त्यावर जायचं. मग तिने कुदळीच्या टोकाने दोन ब्लॉकमधल्या फटी मोकळ्या केल्या आणि तिथे ओतायला लागली. रमेशने ते पाहिलं आणि माझ्याकरवी निरोप पाठवला की ब्लॉक हलतील. मी तो निरोप दिला नाही. निरोप्याला एवढा अधिकार असायला हवा.

मे संपत आला आणि हिरातायने सही केली. कुणी आठवण करून दिली नव्हती. रमेशच्या बायकोच्या हातात कागद देऊन आली, एवढंच मला कळलं. परवानगी आली आणि पाऊस लागायच्या आत काम उरकायचं ठरलं.

सकाळी आठला मी आणि बाळाराम पोचलो. रमेश आधीच वैतागलेला होता. पेव्हर ब्लॉकवाल्या ठेकेदाराला फोनवर शिव्या घालत होता. बुंध्याच्या पलीकडे, हिरातायच्या घराच्या बाजूला, चार-पाच ब्लॉक वर उचलले गेले होते. गेस्ट ठेचकाळू नयेत म्हणून त्यावर त्याने झाडाची एक कुंडी ठेवली होती. वर त्या कोपऱ्यात मुंग्या झाल्या होत्या आणि दोन-तीन दिवस कसला तरी वास येत होता. त्याने गटार दोनदा उपसून घेतलं होतं, फिनेल ओतलं होतं. खाली भरणी नीट केली नाही त्या माणसाने, असं तो मला सांगत होता. मी हो हो केलं. मला काम सुरू करायचं होतं.

हिराताय दारात बसली होती. मी तिच्याकडे गेले. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला असलं बोलणं जमत नाही. मी म्हटलं, आत जाऊन बस.

"कशाला? जामीन मी हाय. बघते मी."

बाळाराम दोर बांधून वर चढला. पहिली फांदी रस्त्याच्या बाजूची, मांडीएवढी जाड. करवत लागली, भुसा उडाला, पिवळाधमक. फणसाचं लाकूड आतून हळदीसारखं असतं हे ज्याने पाहिलं नसेल त्याला खोटं वाटेल. फांदी खाली आली. मी पानं तासली, डहाळ्या वेगळ्या केल्या, बाळारामने फांदीचे हात हात लांबीचे तुकडे करून दिले आणि तो पुन्हा दुसऱ्या फांदीकडे चढला. मला फोडायला ठोकळा ठेवायचा होता. अंगण सगळं उतरतं, ठोकळा डुगडुगत होता. सपाट जागा शोधत मी पलीकडे गेले, कुंडी पायाने बाजूला सारली आणि उचललेल्या ब्लॉकांपैकी एक दाबून बसतो का बघायला त्यावर उभी राहिले.

तो बसला नाही. खालून मऊ लागलं. आणि वास आला.

पंचवीस वर्षं लाकडात काम केलं की नाक बरंच शिकतं. हा गटाराचा वास नव्हता, फिनेलचाही नव्हता. मी वाकले. मुंग्यांची ओळ फटीतून आत जात होती आणि दुसरी बाहेर येत होती. मी कोयत्याची चोच फटीत घातली आणि ब्लॉक उचकटला. मग शेजारचा. वाळू हाताने बाजूला केली. खाली काटेरी, हिरवट तपकिरी पाठ दिसली, माझ्या दोन ओंजळींत मावणार नाही एवढी.

मी बाळारामला ओरडून करवत बंद करायला सांगितलं. एकदम शांत झालं तसा रमेश बाहेर आला.

म्हातारा फणस कधी कधी मुळाला फळ धरतो, जमिनीच्या खाली. जमीन फुगते, तिला भेग पडते, तेव्हा कळतं. आमच्या बाजूला जुन्या माणसांना हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण आम्ही सगळ्यांनी पाच महिने मान वर करून बघितलं. रमेशने खाली बघितलं तेव्हा त्याला ठेकेदार दिसला. खालच्या फांद्या तोडल्या, अंगण बांधून काढलं, तरी झाडाने एक जागा शोधली होती, आणि ती नेमकी तिथे, जिथे ही बाई रोज तांब्या ओतत होती.

आम्ही आणखी वाळू काढली. फळं दोन निघाली. एक कच्चं, दुसरं पिकून उकललेलं, मुंग्यांनी एका कडेने सुरुवात केलेली. हिराताय येऊन उभी राहिली होती. तिने फळाला हात लावला नाही. पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. रमेशही माझ्याकडे बघत होता.

"सुमनताई," तो म्हणाला, "जमिनीखाली धरलेला चालतो का? कबूल झालं होतं ते झाडावर धरायचं."

आता निकाल माझ्याकडे आला. भीती घालणारी मी, म्हणून झाड घाबरलं की नाही ते मी सांगायचं. माझ्यामागे एका फांदीचे तुकडे पडलेले होते, वर अजून सहा फांद्या उभ्या होत्या, टेम्पोवाला भाड्याने बोलावलेला होता आणि कागदावर सही-शिक्का सगळं होतं. नाही म्हटलं असतं तर कायद्याने मला कुणी काही बोललं नसतं. मी त्या फळाकडे बघितलं. तीन वर्षं छाटलेलं, बांधून काढलेलं झाड, त्यावर कोयत्याचे घाव घातलेली मी.

मी म्हटलं, "मूळ झाडाचंच असतं. धरला."

आणि बाळारामला दोर सोडायला सांगितला.

रमेश आत गेला. मला वाटलं रागावून गेला. तो खोबरेल तेलाची वाटी आणि पेपर घेऊन बाहेर आला. फणसाचा चीक हाताला लागू नये म्हणून तेल लावतात. धंदा कॉटेजचा असला तरी पोरगा इथलाच. पिकलेलं फळ त्याने पेपरवर ओढलं, हाताला तेल चोळलं, माझा कोयता ठोकळ्यावर होता तो उचलला, पात्याला तेल लावलं आणि फणस उभा चिरला. बरका निघाला, रसाळ, वास असा की दुसऱ्या कॉटेजमधला एक गेस्ट दार उघडून बघायला आला. मुंग्या लागलेला भाग रमेशने कापून टाकला. पाव, म्हणजे मधला दांडा, काढून बाजूला केली, गरे मोकळे केले. चांगला चिरत होता. बापाकडे शिकला असणार.

मग कोयता पुसला, मूठ माझ्याकडे केली आणि हात लांब करून मला द्यायला पुढे धरला. तेलाच्या हाताने, पात्याला पकडून.

मी बोलायच्या आत हिराताय बोलली.

"रमेश, हातात देऊ नको. खाली ठेव."

रमेशचा हात तसाच राहिला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, सवयीने, मी सांगेन म्हणून. मी काही सांगितलं नाही. मग त्याने कोयता खाली ठेवला.

"ठेवला," तो म्हणाला.

"मंग आता गरा खा. मुंग्या काय तुझी वाट बघणार हायत?"

मी कोयता उचलला आणि तोडलेल्या फांदीकडे गेले. ती एक फांदी गेली ती गेली, ती मला परत लावता येत नव्हती, आणि तेवढं मला अजून लागतं. अर्धा तास आधी मी ती कुंडी बाजूला केली असती तर गेली नसती. तुकडे फोडायला घेतले. ओल्या लाकडावर कोयता चिकटत होता, मोगरी दोनदा मारावी लागत होती. फाटी टेम्पोत भरायची नाही, असं हिरातायने ओरडून सांगितलं. ती फाटी तिच्या पडवीत सुकायला रचायची, आणि पुढे आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, उकडायच्या त्या याच्यावर उकडायच्या. म्हणजे माझी एवढीही फाटी गेली. टेम्पोवाल्याला मी पाच गरे देऊन परत पाठवला.

मी रचत होते तेव्हा मागे बहीणभावांचं जोरात चाललं होतं. तो म्हणत होता, ब्लॉक परत बसवून घेतो, फक्त बुंध्याभोवती हातभर मोकळं सोडतो. ती म्हणत होती, हातभर कुणाचा, तुझा की माझा, चार हात सोड. तो म्हणाला गाडी कशी वळणार. ती म्हणाली गाडीला सांग चालत ये. मी दोनदा सवयीने मान वर केली, निरोप घ्यायला. दोघांपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.